खोटा पेशंट

पेशंट रडायला लागला, की डॉक्टरचा हात आपोआप पेनाकडे जातो. ही खोड मोडायची म्हणून सबुरीबाईंनी वर्गाच्या दाराशी एक पातेलं ठेवलं होतं. आत यायचं ते खिशातलं पेन पातेल्यात टाकूनच. कुणाचे केस पिकलेले, कुणाचं पोट सुटलेलं, असे सगळे जाणते फॅमिली डॉक्टर शाळेतल्या पोरांसारखे कुरकुरत पेनं टाकायचे. पेन गेलं की हात कुठे ठेवावेत तेच कुणाला कळत नसे.

"मांडीखाली ठेवा," सबुरीबाई म्हणायच्या. "आणि सबुरी. समोरचा बोलता बोलता थांबला, तर थांबू द्या. तो गप्प बसला म्हणजे खड्डा पडला असं समजून त्यात गोळ्या ओतू नका."

सारखी सबुरी तोंडात, म्हणून त्या सबुरीबाई. काम त्यांचं मानसोपचाराचं. मनाचं दुखणं काही मनाच्या डॉक्टरकडे सरळ चालत जात नाही. ते डोकेदुखीचा नाहीतर पोटदुखीचा वेष घेऊन कोपऱ्यावरच्या फॅमिली डॉक्टरकडेच येतं. मग त्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरलाच दोन गोष्टी शिकवाव्यात, असं वर कुणाच्या तरी मनात आलं आणि दर गुरुवारी दुपारी हा वर्ग भरायला लागला.

वर्गात वयानं सगळ्यांत लहान होती सूनबाई. तिला नाव होतं, पदवी होती, दारावर पाटीही होती. पण दवाखाना मूळचा सासऱ्यांचा. पेशंटांच्या लेखी ते 'मोठे डॉक्टर', म्हणून ही 'सूनबाई डॉक्टर', आणि पुढे डॉक्टर गळून नुसतीच सूनबाई. पेशंटांसाठी शिकतेय, असं ती सगळ्यांना सांगायची. खरं कारण घरात, खिडकीशी खुर्ची टाकून बसलेलं होतं.

मोठे डॉक्टर एके काळी बोलले की दवाखान्याची भिंतसुद्धा हसायची. सुनेच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या एका सासूला त्यांनी नाडी बघून सांगितलं होतं, "तुला काही झालेलं नाही, बाई. आजार तुझ्या सुनेला झालाय. कंटाळ्याचा. तुझ्या." आणि औषधाच्या खिडकीत बसलेल्या त्यांच्या बायकोनं आतूनच ओरडून विचारलं होतं, "मग औषध कुणाच्या नावानं बांधू?" ही बाई लग्न होऊन आली ती त्या खिडकीतच बसली. नवरा लिहायचा, ही द्यायची. त्याचं अक्षर जगात फक्त तिलाच लागायचं.

ती पोटाच्या आजारानं गेली, आणि मोठे डॉक्टर गप्प झाले. दवाखान्याची पायरी ते पुन्हा चढले नाहीत. तिथे औषधाची खिडकी नुकतीच वाढवून घेतलेली, हिरव्या दारांची, कोरी करकरीत; ती बघायलाही ते आले नाहीत. सकाळी खिडकीशी बसायचे ते दिवस मावळेपर्यंत. जेवण चिवडायचे. नात गुडघ्याला धरून उभी राहिली तर तिच्या डोक्यावर हात ठेवायचे, पण तो हात जणू दुसऱ्याच कुणीतरी ठेवलेला. कपडे अंगावर लोंबायला लागले. पाय मात्र सुजत होते. सूनबाईला ते दिसत होतं. छातीच्या गोळ्या ती रोज देतच होती; तिनं जेवणातलं मीठ कमी केलं.

"बाबा असेच बसून राहिले ना, तर एक दिवस बसल्या जागी जातील," नवरा म्हणाला. तो सकाळच्या शाळेत मास्तर होता, दुपारी लेकीला, छकुलीला सांभाळायचा. "तू शिकतेस ना ते बोलतं करायचं? मग कर की."

"घरच्यांवर चालत नाही ते. आपल्या माणसावर उपचार करायचे नसतात."

"मग काय परक्याची वाट बघायची?"

तिनं सगळं करून पाहिलं होतं. बाबा, कसं वाटतंय? बरं आहे. बाबा, आईची आठवण येते का? येते की. आणि संपलं. खुर्चीपुढे बसून ती सबुरीनं वाट बघायची आणि सबुरीत सासरे तिच्या दहा पावलं पुढे असायचे.

अशात सबुरीबाईंनी गृहपाठ दिला. एक संभाषण फोनवर रेकॉर्ड करून आणायचं. "खरा पेशंट नको, तुमचा हात अजून कच्चा आहे. घरचं नाहीतर शेजारचं कुणीही पेशंट होईल. पण एक लक्षात ठेवा. खोटा आजार तुम्ही द्यायचा. काय व्हायचं ते त्यांना ठरवू द्यायचं नाही."

"का हो?" कुणीतरी विचारलं.

"निवडायला दिलं की माणूस खोटं निवडत नाही."

सूनबाईनं आधी नवऱ्याला गाठलं. पहिल्याच प्रश्नाला तो फिसकन हसला, दुसऱ्याला म्हणाला, "डॉक्टर, माझी बायको मला रेकॉर्ड करते, यावर काही औषध आहे का?" ती वैतागून उठायला लागली, तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला.

"मी होतो."

"काय बाबा?"

"तुझा पेशंट. घरात एक रिकामा म्हातारा पडलाय, वापरून घे."

तिला इतका आनंद झाला, की बाकी सगळं डोक्यातून पुसलं गेलं. लगबगीनं तिनं त्यांच्यापुढे स्टूल ओढलं, फोन खिडकीच्या कठड्यावर कुंडीला टेकवून ठेवला.

"कोण होऊ?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच ठरवा ना, बाबा."

त्यांनी पाठ वाकवली, हाताची बोटं आखडून घेतली, आणि बघता बघता खुर्चीत दुसराच माणूस बसला.

"सुतार," ते म्हणाले. "रंधा तसाच टाकून आलोय, बाई. झोप येत नाही. एक गोळी द्या, निघतो."

"गोळीचं बघू. झोप केव्हापासून येत नाही?"

"बायको गेल्यापासून."

"बायको गेल्यापासून," सूनबाईनं शिकवल्याप्रमाणे शेवटचे शब्द परत दिले.

"पोपट आहात का?" सुतार म्हणाला. तिनं ओठ चावून हसू दाबलं आणि हात मांडीखाली आणखी सरकवले.

सुतारच बोलायला लागला. "तिच्यासाठी कपाट करत होतो. ती आजारी होती, बरी होणारी नव्हती. मला ठाऊक होतं. तरी म्हटलं, तुला मोठं कपाट करतो, बरी झालीस की आवरायला. रोज संध्याकाळी खाटेशी बसून मापं घ्यायचो. खण किती, उंची किती. ती म्हणायची, वरचा खण माझ्या हाताला आला पाहिजे हं. मी म्हणायचो, येईल. रंग कुठला द्यायचा यावर भांडलोसुद्धा. चांगले कडकडून भांडलो."

"मग?"

"मग काय! तिलाही ठाऊक होतं."

"ते तुम्हाला कसं कळलं?" हा प्रश्न आपल्याला नेमका सुचला याचं सूनबाईला बरं वाटलं.

"सुताराची बायको ती. आणलेलं लाकूड तिला ओळखू येणार नाही? खोक्याचं लाकूड होतं ते, वर्षभरसुद्धा टिकलं नसतं. तिनं त्यावर नुसता हात फिरवला आणि म्हणाली, छान आहे. बस्स. शेवटपर्यंत तेच. ती माझ्यासाठी खोटी, मी तिच्यासाठी खोटा. जाताना दोघांची एकमेकांशी ओळखच राहिली नाही बघा."

आता पुढे काय विचारायचं, याची सूनबाई मनात जुळवाजुळव करत होती. झोप झाली, भूक राहिली, औषधं राहिली. "कुठली औषधं चालू आहेत का?"

"छातीच्या गोळ्या आहेत. सून देते, बशीत काढून. गुणी आहे पोर. मी त्या कुंडीत पेरतो. बघू, काय उगवतं ते."

सून हा शब्द ऐकून तिला वाटलं, बाबा आपली फिरकी घेतायत. ती खळखळून हसली. "मग? उगवलं का काही?"

"अजून नाही. पाणी घालतोय."

शेवटी तिनं फोन बंद केला आणि टाळी वाजवली. "बाबा, काय झकास केलंत! तुम्ही नाटकातच जायला हवं होतं."

वाकलेली पाठ मोठ्या डॉक्टरांनी सरळ केली नाही. "हो ना," म्हणाले, आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

त्या संध्याकाळी ती नवऱ्याला सांगत होती, "बघ, किती खुलले! कितीतरी दिवसांनी एवढं बोलले." नवऱ्याचे डोळे भरून आले.

गुरुवारी वर्गात फोनवरचं ते रेकॉर्डिंग लावलं. सबुरीबाई डोळे मिटून ऐकत होत्या. पोपटाच्या वाक्याला सगळे हसले. कपाटाच्या वेळी हसणं थांबलं. सूनबाईचं खळखळून हसणं आलं, 'पाणी घालतोय' आलं, आणि सबुरीबाईंनी बोट टेकवून फोन थांबवला.

"कोण आहेत हे?"

"माझे सासरे. तेही डॉक्टर. हौशी आहेत, छान नक्कल करतात."

"सुतार तुम्ही दिलात?"

सूनबाईनं तोंड उघडलं आणि तिथेच ती अडकली. "नाही... त्यांनीच."

सबुरीबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "पुन्हा एकदा ऐका," त्या हळू म्हणाल्या. "आता तुम्हाला पुढचा प्रश्न शोधायचा नाहीये. नुसतं ऐका."

आणि सूनबाईनं ऐकलं. विचारायचं काही उरलं नव्हतं, दाखवायचं काही उरलं नव्हतं, तेव्हा कुठे तिला सासऱ्यांचा आवाज ऐकू आला. वरचा खण माझ्या हाताला आला पाहिजे हं. हे वाक्य तिनं ऐकलेलं होतं, पण कपाटाबद्दल नव्हे. सासूबाई अंथरुणात उशीला टेकून बसलेल्या, बाबा पायाशी कागद घेऊन बसलेले, आणि चर्चा चाललेली औषधाच्या खिडकीची. खिडकी वाढवू, उंच स्टूल करू, म्हणजे तुझ्या गुडघ्यांना त्रास नको. दारांना रंग निळा की हिरवा? 'हिरवा! तुम्हाला ना, कशातलं म्हणून काही कळत नाही!' केवढ्यानं भांडले होते दोघं. दारात उभी राहून सूनबाई ते ऐकायची आणि तिला वाटायचं, बरं आहे, आईंना काही कळलेलं नाही. गाठ आहे, पसरलेली आहे, हे तिघांनी मिळून लपवलं होतं. मुलगा म्हणाला अल्सर, नवरा म्हणाला अल्सर. आणि सून, जी डॉक्टर होती, ती रोज रक्तदाब घेताना म्हणाली, "पथ्य पाळा, आई. अल्सरला वेळ लागतो."

आयुष्यभर औषधं बांधलेल्या बाईला कुठली गोळी कशावर देतात हे ठाऊक नसेल? मोठ्या डॉक्टरांनी आणलेल्या बाटल्या बघून तिनं काय केलं असेल? हात फिरवला असेल. म्हणाली असेल, छान आहे.

मग गोळ्या. बशी. कुंडी.

सूनबाई उठली. पातेल्यातलं पेन घ्यायचंही तिला सुचलं नाही.

घरी नवरा आत दूध कोमट करत होता. मोठे डॉक्टर खुर्चीत. छकुली खिडकीच्या बैठ्या कठड्याला धरून उभी, एक हात कुंडीत, पंजा मातीनं भरलेला, आणि तोंडाभोवती मातीची ओली मिशी.

सूनबाईनं तिला असं खेचलं, की पोरीनं भोकाडच पसरलं. तिनं बोट घालून तिचं तोंड तपासलं. जीभ, गाल, टाळू. माती होती, बाकी काही नव्हतं. मग भोकाड ऐकून बाहेर आलेल्या नवऱ्याच्या हातात लेकीला कोंबून तिनं कुंडीत बोटं खुपसली. वरची माती मऊ, रोज पाणी मिळालेली. खाली काहीतरी गुळगुळीत लागलं. मग आणखी. रंग उतरलेल्या, फुगलेल्या, अर्ध्या विरघळलेल्या गोळ्या तिनं एकेक करून कठड्यावर ठेवल्या. नवरा लेकीला धरून बघतच राहिला.

या घडीला गप्प राहायचं असतं, हे तिला शिकवलेलं होतं. ती किंचाळली.

"तुम्ही डॉक्टर आहात, बाबा! गोळ्या चुकवल्या म्हणून किती जणांना झाडलंत आजवर!"

"झाडलं," मोठे डॉक्टर म्हणाले. "त्यांची माणसं घरात वाट बघत होती."

"आणि आम्ही? आम्ही कोण आहोत? ही पोर माती खाते, बाबा! तुम्हाला दिसत नव्हतं? यातली एक जरी तिच्या पोटात गेली असती तर?"

तेव्हा त्यांनी वळून कठड्याकडे पाहिलं. गोळ्यांकडे पाहिलं, नातीच्या मातकट तोंडाकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला. उठायला गेले, ते उठवेना. खुर्चीतूनच दोन्ही हात पुढे करून म्हणाले, "आण तिला इकडे. डोळे बघू दे तिचे. नाडी... नाडी बघ आधी. काय खाल्लं दुपारपासून? उलटी झाली का?"

"काही नाही झालं," नवरा म्हणाला. "ती ठीक आहे, बाबा."

"तुला काय कळतं रे! तू मास्तर!" ते ओरडले. किती महिन्यांनी तो आवाज घरात आला. छकुलीला मांडीवर घेऊन त्यांनी तिच्या पापण्या वर केल्या, छातीला कान लावला. कान लावला तो उचललाच नाही. पोरीच्या इवल्याशा छातीवर डोकं टेकून ते तसेच राहिले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. छकुलीला वाटलं खेळ आहे. तिनं मातीच्या हातांनी त्यांचे केस धरले आणि ती हसायला लागली.

सूनबाई जमिनीवर त्यांच्या पायाशी बसली. सुजलेल्या पावलांवर हात ठेवला. बोट दाबलं तिथे खळगा पडला, आणि भरायला किती वेळ लागला तो.

"मीपण सांगितलं होतं, बाबा. अल्सर म्हणून. रोज सांगत होते."

"ठाऊक आहे." त्यांचा आवाज पोरीच्या झबल्यात बुडालेला होता. "तिनंच सांगितलं मला. म्हणाली, सूनबाई फार छान खोटं बोलते हो, तिचं मन मोडू नका."



हृदय थकायचं तेवढं थकलंच होतं. मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या, गोळ्या वाढल्या. आता मोठे डॉक्टर गोळी गिळली की सुनेपुढे आ करून जीभ दाखवायचे, लहान मुलासारखी. "बघ. पेरली नाही." हसायचं की रडायचं, हे दोघांनाही समजत नसे. सुधारणा म्हणावी तर तेवढीच. बाकी खुर्ची तीच आणि खिडकीही. कुंडी तेवढी उचलली.

सबुरीबाईंनी फोन केला होता. "तुम्ही त्यांची सून व्हा. बाकीचं माझ्याकडे द्या."

"आता म्हातारपणी मी पेशंट?" मोठे डॉक्टर आधी म्हणाले. मग नातीकडे पाहिलं. "येतो. पण तू आत यायचं नाहीस. तुझ्यासमोर मी पुन्हा सुतार होईन."

म्हणून सूनबाई आज सबुरीबाईंच्या बंद दाराबाहेरच्या बाकावर बसली होती. आजवर तिनं असं बाक फक्त आपल्या टेबलामागून पाहिलं होतं, त्यावर बसणाऱ्यांना घंटी वाजवून आत बोलावलं होतं. आत बाबा काय बोलतायत? कोण होऊन बोलतायत? कान टवकारले तर कदाचित ऐकू आलं असतं. ती दारापासून दूरच्या टोकाला सरकली.

शेजारी एक जाडशी बाई पिशवीला कवटाळून बसली होती. "आत कोण तुमचं?" तिनं विचारलं.

"सासरे."

"काय झालंय हो?"

"काही नाही, जरा अशक्त—" जिभेवर ते इतकं सहज आलं, की सूनबाई स्वतःच दचकली. ती थांबली. मग म्हणाली, "माझ्या सासूबाई गेल्या. आम्ही त्यांना शेवटपर्यंत खरं काय ते सांगितलंच नाही. त्यांनी पण नाही सांगितलं आम्हाला. म्हणून ते खचलेत. आणि मीसुद्धा."

एवढं बोलली आणि बांध फुटला. पदवी, पाटी, सबुरी सगळं वाहून गेलं.

"अगं बाई! अशी रडू नकोस," बाईनं लगोलग सुरुवात केली. "होतं असं. त्यांना संध्याकाळी फिरायला ने बघू. आणि एकटं बसू देऊ नकोस, बोलण्यात गुंतव. माझ्या दिराचं अस्संच झालं होतं, त्याला आम्ही कबुतरं आणून दिली. आणि हे बघ, तुझ्या सासूला सगळं कळत असणार. कळतंच बायकांना. तू काय मुद्दाम केलंस का? डोळे पूस. जेवलीस का सकाळपासून?"

वर्गात ज्याला ज्याला मनाई होती, ते सगळं त्या बाईनं एका दमात सांगून टाकलं. दार बंदच होतं. सूनबाई हातांनी तोंड झाकून रडत होती, आणि बाईच्या प्रत्येक वाक्याला मान हलवून "हो," म्हणत होती. "हो, नेते. हो. नाही, जेवले नाही."